पहारेकरी इथंच का उभा आहे?

गेमच्या धंद्यात यायचं म्हणणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कोर्स कुठला करू?" दुसरा: "अनरियल शिकू की युनिटी?" (ही दोन्ही गेम बनवायची सॉफ्टवेअर, धंद्यात त्यांना 'इंजिन' म्हणतात.) तिसरा ते स्वतः विचारत नाहीत, त्यांचे बाबा विचारतात, आणि तो पगाराचा असतो.

मी लेव्हल डिझायनर आहे, म्हणजे खेळाडू ज्या जागेत फिरतो-खेळतो ती आखणारी. त्याआधी काही वर्षं टेस्टिंगमध्ये होते, पुण्यातच. सोसायटीतल्या काकूंनी "तू त्या गेमच्या कंपनीत आहेस ना, आमच्या ह्याला जरा सांग गं" म्हणून एका मुलाला धाडलं. मग त्याचे मित्र आले, मग मित्रांचे मित्र. फोनवर तेच तेच सांगून कंटाळल्यावर मी आणि ऑफिसातल्या दोघांनी ठरवलं, रविवारी सकाळी एकत्रच बसू. कर्वे रस्त्याजवळच्या एका ओळखीच्या क्लासची खोली रविवारी रिकामी असते, ती मिळाली. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षावाल्यांची अभ्यासिका होती. तिचा पुढे फार उपयोग झाला.

आलेल्यांत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलं सगळ्यांत जास्त. अभिनव कला महाविद्यालयातल्या दोघी. फिरोदिया आणि पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धांसाठी लेखन, प्रकाशयोजना, नेपथ्य असं काहीबाही केलेले तिघे-चौघे. आणि सांगलीहून बी.कॉम. करून आलेली एक मुलगी. आपल्याला गेम खेळायला आवडतात, यापलीकडे आपल्याकडे दाखवण्यासारखं काही नाही, अशी तिची ठाम समजूत होती.

आधी पालकांचं सांगते, कारण निम्मी मुलं तिथंच गळतात. चिंचवडचे एक काका, टेल्कोतून निवृत्त झालेले, मुलाबरोबर स्वतः आले. "म्हणजे ते रमीवाले का?" काकांना काय दोष देणार? क्रिकेटच्या मॅचमध्ये वर्षानुवर्षं त्याच जाहिराती दिसायच्या. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा झाला. त्या कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि नुसत्या करमणुकीचे गेम वेगळे काढलेत, पण घरोघरी बातमी पोचली ती "गेमिंगवर बंदी" एवढीच. मी काही समजावत बसले नाही. लॅपटॉपवर एका मोठ्या परदेशी गेमच्या शेवटची क्रेडिट्स लावली. ही नावं संपता संपत नाहीत. प्रोग्रामर, मॉडेल करणारे, अॅनिमेटर, लायटिंगवाले, आवाजवाले, भाषांतर तपासणारे, टेस्टर, बिल्ड (गेमची त्या त्या वेळची चालणारी आवृत्ती) सांभाळणारे. काकांनी चष्मा लावला. पुण्याच्या टीमची नावं आल्यावर मराठी आडनावं दिसायला लागली आणि ते पुढे सरकून बसले. "हा जोशी काय करतो?" दगडी भिंत दगडासारखी दिसावी म्हणून तिचा पृष्ठभाग बनवतो, असं सांगितलं. "म्हणजे कारखानाच आहे की हा!" मग पीएफचं विचारलं. कायम नोकरीत असतो, कॉन्ट्रॅक्टवर असेल तर आधी विचारून घ्यायचं, हे त्यांना लगेच पटलं. अशा प्रश्नांत त्यांचं आयुष्य गेलेलं.

पुण्यात हे काम आजचं नाही, हेही सांगावं लागतं. युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीनं २००८ मध्ये गेमलॉफ्ट या दुसऱ्या कंपनीचा इथला स्टुडिओ घेतला, तेव्हापासून ते इथं आहेत. ब्रिटनच्या सुमो डिजिटलचा स्टुडिओही जुना. 'इंडस' हा गेम बनवणारी सुपरगेमिंग इथलीच. आणि 'राजी' हा गेम करणारे नॉडिंग हेड्सही पुण्याचेच. त्यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नव्हती. गेम २०२० मध्ये आधी निंटेंडो स्विच या कन्सोलवर आला. ही गोष्ट मी पोरांना आवर्जून सांगते, पण प्रेरणा वगैरे म्हणून नाही. मधल्या तीन वर्षांत कुणीतरी रोज बसून काम करत होतं, तेवढंच त्यांच्या लक्षात यावं म्हणून.

आता स्वप्नांकडे. आलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच गेम असतो: शिवकाळ, ओपन वर्ल्ड (हवं तिकडं फिरता येईल असं मोकळं जग), सगळे किल्ले, घोडदळ, पावसाळा-उन्हाळा, वर मल्टिप्लेअर. लातूरकडचा एक मुलगा तर चाळीसेक पानांचं डिझाइन डॉक्युमेंटच घेऊन आला. मोहिमांची यादी, शस्त्रांचे तक्ते, घोड्यांच्या जाती. अभ्यास सुंदर होता, खोटं कशाला बोलू. पण त्यातलं एक मिनिटही खेळता येत नव्हतं. एवढ्या गेमला शेकडो माणसं आणि कित्येक वर्षं लागतात हे त्यालाही माहीत होतं. कल्पना बघून कुठलातरी स्टुडिओ आपल्याला आत घेईल, असा त्याचा हिशेब होता. तसं कुणी घेत नाही. कल्पना ज्याच्या त्याच्याकडे असतात. मी म्हटलं, यातला एक दरवाजा आण. एक दरवाजा, एक पहारेकरी, आत शिरायला एक मिनिट. तेही ग्राफ पेपरवर.

त्याला ते लागलं. काही दिवस फिरकलाच नाही. मग आला, तो गुंडाळलेला ग्राफ पेपर काखेत घेऊन.

त्याच सुमाराला आम्ही सगळ्यांना सिंहगडावर नेलं, आतकरवाडीच्या वाटेनं. हातात वही आणि एकच काम: प्रत्येक वळणावर थांबायचं आणि तीन गोष्टी लिहायच्या. इथून काय दिसतंय, कुठं जावंसं वाटतंय, आणि वरून मला कोण बघू शकतं. सिंहगडाचा पुणे दरवाजा एकच नाही, एकामागोमाग तीन आहेत. आजवर दहा वेळा गड चढलेल्या मुलांनी हे कधी मोजलं नव्हतं. "इथं दरवाजा दिसतो, पुढं गेलं की दिसेनासा होतो," असं एकीनं लिहिलं. "इथं वळताना माझी बाजू तटाकडे उघडी पडते," असं त्या लातूरच्या मुलानं. मग रायगडाच्या महादरवाजाचा विषय निघाला. दोन बुरुजांच्या आड तो असा वळवून बसवलाय की जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. समोर सरळ धावत येऊन धडक द्यायला जागा नाही आणि वळणात सापडलेला माणूस वरच्यांच्या माऱ्यात. गोमुखी बांधणी हा शब्द सगळ्यांना शाळेपासून पाठ होता. ती माणसाच्या हालचालीवर बांधलेली रचना आहे, हे तिथं उभं राहून कळलं. लेव्हल डिझायनर तेच करतो. फरक एवढाच की किल्लेदाराला शत्रू आत यायला नको असतो. आम्हाला खेळाडू आत यायला हवा असतो, आणि आपण डोकं चालवून आलो असं त्याला वाटायलाही हवं असतं. (पिठलं-भाकरी, दही, कांदाभजी हे सगळं यथासांग झालं. त्याशिवाय ही पोरं पुन्हा कुठं आली नसती.)

इंजिनबद्दल थोडक्यात. युनिटीनं सप्टेंबर २०२३ मध्ये गेमच्या इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं, जगभर आरडाओरडा झाला आणि वर्षभरानं ते रद्द केलं. तेव्हापासून "आता युनिटी मेलं का?" हा प्रश्न सारखा येतो. मेलेलं नाही. अनरियल दिसायला भारी, पण त्याला मशिनही तसंच लागतं. ज्याचा लॅपटॉप जुना त्यानं गोडो घ्यावं: फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि हलकं आहे. एक इंजिन नीट आलं की दुसऱ्याकडे जाणं जड जात नाही. मुलं यावर महिनोन्महिने वाद घालू शकतात. आम्ही पहिल्या रविवारीच वाद मिटवायचो: ज्याच्या मशिनवर जे उघडतं ते त्याचं इंजिन. गिट, म्हणजे कामाची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवणारं साधन, मात्र सगळ्यांना सक्तीचं. 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरंच' अशा फोल्डरांवर चौघांची टीम चालत नाही.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ते.

दरवाजाची लेव्हल राखाडी ठोकळ्यांत उभी राहिली की आम्ही वरच्या अभ्यासिकेतून कुणालातरी खाली बोलवायचो. राज्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना दहा मिनिटांची सुटका हवीच असते. त्यांच्यातल्या कित्येकांनी मोबाइलवर कँडी फोडण्यापलीकडे काही खेळलेलं नसतं, म्हणून तर ती हवी. समोर लॅपटॉप ठेवायचा, "खेळा" म्हणायचं आणि ज्यानं गेम बनवलाय त्यानं मागं गप्प बसायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, सुस्कारा टाकायचा नाही. वहीत दोन रकाने: हा काय करेल असं मला वाटलं होतं, आणि यानं काय केलं.

हे गप्प बसणं त्यांना किती जड जातं, ते बघायला हवं. "अहो, तिकडं नाही, डावीकडं!" हे तोंडातून निघतंच. मी हात दाबून खाली बसवायचे. आपल्याकडे पोरांची सवय अशी की काम परीक्षकापुढे ठेवायचं, परीक्षक बोलणार, मार्क देणार, आपण ऐकणार. इथं परीक्षक बोलतच नव्हता. तो बिचारा भिंतीवर डोकं आपटत होता, ज्या दाराकडे जायचं ते सोडून कोपऱ्यातल्या रांजणाभोवती फिरत होता, आणि त्याचं काही चुकतच नव्हतं. बाहेर विकत घेतलेल्या गेमबरोबर गेम बनवणारा घरी येत नाही, हे सांगून कळत नाही. मागं बसून बघितलं की कळतं.

अभिनवमधल्या एकीनं पुण्यातल्या जुन्या वाड्याची लेव्हल केली होती. चौक, ओसरी, लाकडी खांब, मधोमध तुळशीवृंदावन. दिसायला इतकी देखणी की बाकीची पोरं गप्प झाली. जायचं होतं ओसरीतल्या जिन्याकडे. खेळायला बसलेला प्रत्येक जण तुळशीकडे गेला. तिथं गोल गोल फिरला, उड्या मारून बघितल्या, "पाणी घालायचं का?" असं एकानं विचारलंही. तिचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, आपलं चित्र चुकलं. चित्रात काहीच चुकलं नव्हतं. चौकात सगळ्यांत जास्त उजेड तुळशीवर पडत होता, आणि माणूस उजेडाकडे जातो. पुरुषोत्तमला प्रकाशयोजना केलेला मुलगा शेजारीच बसला होता, तो पटकन म्हणाला, "स्पॉट हलव की." तिनं तुळशीवरचा उजेड उतरवला, जिन्याच्या पायरीवर कंदील ठेवला, खांबाची सावली जिन्याकडे जाईल अशी वळवली. नव्या खेळाडूंतले बहुतेक सरळ जिन्याकडे गेले. आधीचा आणि नंतरचा असे दोन छोटे व्हिडिओ तिनं शेजारी शेजारी ठेवले, खाली चार ओळींत कारण लिहिलं. पुढे मुलाखतीत तिला सगळ्यांत जास्त वेळ याच दोन व्हिडिओंवर विचारलं. बाकीची सुंदर चित्रं त्यांनी नुसती सरकवली.

म्हणून कुणी मला विचारलं की या मुलांना मदत म्हणजे नक्की काय करता, तर शिकवणं त्यात फार कमी. शिकवायला यूट्यूब आहे आणि ते माझ्यापेक्षा बरं शिकवतं. अनोळखी माणूस आणून बसवणं आणि बनवणाऱ्याला गप्प ठेवणं, हे यूट्यूबला जमत नाही.

नाटकवाल्या मुलांची मला आधी काळजी होती, कोडिंग नाही, मॉडेलिंग नाही. ग्लोबल गेम जॅमला ती काळजी गेली. हा प्रकार २००९ पासून दर जानेवारीअखेर जगभर होतो: विषय जाहीर होतो आणि त्यावर थोडक्या वेळात गेम बनवायचा. मूळचा खेळ ४८ तासांचा. आता सवडीनं आठवडाभर करता येतो, पण आम्ही जुन्या पद्धतीनंच बसलो. इंजिनिअरिंगवाल्यांच्या एका टीमनं पहिली रात्र इन्व्हेंटरी सिस्टीम (खेळाडूकडच्या सामानाचा हिशेब ठेवणारी) लिहिण्यात घालवली, जी गेममध्ये कुठंच लागली नाही. फिरोदियावाल्या मुलीनं आपल्या टीमला सांगितलं, "पडदा उघडणार म्हणजे उघडणार. काय कापायचं ते आत्ताच ठरवा." तिच्याकडे नाटकाच्या तालमीतून आलेली ही अक्कल होती. तिच्या टीमचा गेम ओबडधोबड होता, पण सुरू व्हायचा आणि संपायचा. स्टुडिओत असं माणूस प्रॉडक्शनमध्ये लागतं आणि ते सहज सापडत नाही.

सांगलीच्या मुलीचं वेगळंच झालं. एकमेकांच्या गेममधले बग शोधून लिहायचे, असा एक रविवार ठेवला होता. बाकीच्यांनी लिहिलं: "गेम अडकतो." तिनं लिहिलं: बिल्ड नंबर अमुक, विहिरीजवळून पळत येऊन दरवाजावर उडी मारली असता पात्र उंबऱ्यात अडकते, चालत आल्यास अडकत नाही, दहापैकी सात वेळा होते, काय व्हायला हवे, काय झाले, सोबत व्हिडिओ. हे वाचून माझा टेस्टिंगमधला सहकारी खुर्चीत ताठ झाला. तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. हिशेबाच्या वहीत खाडाखोड चालत नाही, तसंच लिहिलं म्हणाली. टेस्टिंग म्हणजे दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात, असं लोकांना वाटतं. खरं काम म्हणजे एकाच दरवाजातून शेकडो वेळा जायचं, प्रत्येक भिंतीला खांदा घासायचा आणि कंट्रोलरची वायर मुद्दाम उपटायची. ते मुद्दाम उपटणंही नियमात बसतं: कन्सोल बनवणाऱ्या सोनी, मायक्रोसॉफ्ट, निंटेंडो यांच्या प्रत्येकाच्या अटींची यादी असते, आणि कंट्रोलर तुटला तर गेमनं काय करावं हेही त्यात येतं. ती आज एका टेस्टिंग टीममध्ये आहे. आपल्यात याकडे दुय्यम काम म्हणून बघायची खोड आहे, ती मला चीड आणते. गेम कुठं मोडतो हे ज्याला कळतं, त्याला तो कसा बांधलाय हेही कळायला लागतं. मीही त्याच दारानं आत आले.

पोर्टफोलिओचं मी फार लांबवत नाही. उत्तम काम सगळ्यांत वर. व्हिडिओ मिनिटभराचा. गेम इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर असा चढवायचा की ब्राउझरमध्येच चालेल. कामावर घेणारा माणूस झिप डाउनलोड करत बसत नाही. ट्यूटोरियलमधलं जसंच्या तसं नको. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकताना ट्यूटोरियल बघून करतात तो डोनट प्रत्येकानं केलेला असतो, मीही केलाय, पण तो माझ्या घरी आहे. मॉडेल करणाऱ्यानं वायरफ्रेम (मॉडेलचा रेषांचा सांगाडा) दाखवायची, प्रोग्रामरनं कोड. एआयनं काढलेलं चित्र घालायचं असेल तर तसं लिहायचं, कारण पुढच्या फेरीत मूळ फाइल मागतात आणि ती नसते. टीमच्या कामात आपण काय केलं ते स्पष्ट लिहायचं. इथं आपली मुलं अडतात. "आम्ही सगळ्यांनी मिळून केलं" यापुढे जात नाहीत. बढाई मारायला नको, हे घरचं वळण चांगलंच आहे. पण समोरच्याला सावली कुणी वळवली हे कळायलाच हवं. इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांकडून आम्ही आपली लेव्हल आधी मराठीत समजावून घ्यायचो. मराठीत नीट सांगता आली की इंग्रजीत मोडकंतोडकं सांगितलेलंही चालतं.

आणि हेही सांगायलाच हवं. २०२३ पासून जगभरच्या स्टुडिओंत नोकरकपात सुरू आहे, तिची झळ इथंही येते. लाखांनी फी घेऊन "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणणाऱ्या संस्था शहरात आहेत. कुणी विचारलं तर मी एकच प्रश्न शिकवते: मागच्या बॅचच्या मुलांची नावं कुठल्या गेमच्या क्रेडिट्समध्ये आहेत, दाखवा. निवडीच्या चाचण्याही जपून. एका ठिकाणी आमच्यातल्या एका मुलाला अख्खी लेव्हल करून मागितली, त्यानं कित्येक रात्री घालवल्या आणि पुढे साधं उत्तरही आलं नाही. आता आमची मुलं आधी विचारतात: ही चाचणी किती तासांची अपेक्षित आहे? नीट स्टुडिओला या प्रश्नाचा राग येत नाही.

सगळ्यांचं जमलं असं नाही. एक जण बँकेच्या अॅपचे स्क्रीन डिझाइन करतो आणि खूश आहे. अभिनवमधली दुसरी बेंगळुरूला एनआयडीत गेम डिझाइनला गेली. काही जण नुसतेच यायचे बंद झाले.

लातूरच्या मुलाच्या दरवाजात शेवटी तीन वळणं आणि दोन पहारेकरी झाले. मुलाखतीत त्याला विचारलं, हा दुसरा पहारेकरी इथंच का उभा आहे? तो म्हणाला, आधी दाराशी उभा होता, तेव्हा लोक घाबरून परत फिरायचे. वळणाआड नेला तर त्याची सावली आधी दिसते, मग लोक थांबतात आणि विचार करतात. वही सोबत होती, ती त्यानं उघडून दाखवली. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, ज्युनिअर डिझायनर म्हणून. खराडीला जायला दोन बस बदलतो. चाळीस पानी डॉक्युमेंट अजून त्याच्या ड्राइव्हवर आहे, टाकून देऊ नको असं मीच सांगितलंय.

आमच्या तिघांत आता वाद चाललाय तो फीचा. फुकट ठेवलं की पोरं हलक्यात घेतात, असं एकाचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. पण पैसे घेतले की मी त्यांना नोकरी लावून देणं लागते, आणि ते माझ्या हातात नाही. तूर्त असं ठरलंय की पैसे नाहीत, पण पहिल्या रविवारी येताना एक मिनिट खेळता येईल असं काहीतरी आणायचं. कागदावर, पत्त्यांत, खडूनं फरशीवर आखून, कसंही. आणि बरोबर एक माणूस, ज्यानं ते आधी खेळलेलं नाही.